सोनं सापडलं का?

मी मेटल डिटेक्टर घेऊन फिरतो हे कुणाला कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग, सोनं सापडलं का?" नातेवाईक विचारतात, अनोळखी माणसं विचारतात, किनाऱ्यावर किल्ले करणारी पोरंही विचारतात. बरीच वर्षं मी "सापडतं काहीबाही" म्हणून वेळ मारून नेली. परवा मात्र एकाने जरा वेगळं विचारलं: सोन्यासारखं दिसणारं पुष्कळ सापडत असेल, मग ते खरं की खोटं हे कळतं कसं? हा प्रश्न मला आवडला. म्हणून नीट सांगतो.

आधी मशीनबद्दल. मशीनला सोनं कळत नाही. कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं, खाली धातू असेल तर त्यात बारीक विद्युतप्रवाह भोवऱ्यासारखे फिरतात आणि त्यांचा प्रतिसाद किती उशिराने येतो त्यावरून पडद्यावर एक आकडा उमटतो. त्या आकड्यात धातूची वाहकता, आकार, जाडी सगळं मिसळलेलं असतं. शुद्ध सोनं विजेचं उत्तम वाहक आहे, पण दागिन्यासाठी त्यात तांबं-चांदी मिसळली की वाहकता पार उतरते. मग बारीकशी अंगठी येऊन बसते ती नेमकी ॲल्युमिनियमच्या शेजारी. चॉकलेटची चांदी, कॅन उघडायची रिंग, यांचेच आकडे. कॅनवरून ओढून काढायची ती रिंग १९६० च्या दशकात आली, लोकांनी ती खुशाल वाळूत टाकली आणि आम्ही ती अजून उपसतोय. तो आकडा सोडून द्यायचा ठरवलं तर अंगठ्याही सुटतात. म्हणून रिंगा खणायच्या. शेकड्यांनी.

आता एका अंगठीची गोष्ट. ओहोटी होती, ऊन कलायला आलेलं, ओल्या वाळूत एक गोल, मऊ आवाज आला. वीतभर खाली गेलो. स्कूप हलवला, वाळू गळून गेली आणि जाळीवर एक रुंद पिवळं कडं राहिलं. अंगठ्याने पुसलं. पिवळंधमक. घशाला कोरड पडते म्हणतात ते काय असतं ते तेव्हा कळलं. अंगठी खिशात घातली, खिशाचं बटण लावलं आणि घरी पोचेपर्यंत दहा वेळा खिसा चाचपला.

आतल्या बाजूला काही छाप नव्हता. दागिन्यांवर बहुधा असतो: ७५० म्हणजे हजारात ७५० भाग सोनं, १८ कॅरेट, ५८५ म्हणजे १४, ३७५ म्हणजे ९. जीपी किंवा जीएफ अशी अक्षरं असली तर समजायचं की वर सोन्याचा पातळ थर आहे, आत दुसरंच काही. माझ्या अंगठीत काहीच नव्हतं, आणि मी स्वतःला सांगितलं की छाप झिजला असणार. इथेच खरं तर सावध व्हायला हवं होतं.

मग पाण्याची परीक्षा. शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागतो, बाकी काही नाही. अंगठीचं वजन ५.२० ग्रॅम. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य केला, अंगठी दोऱ्याला बांधून तळाला टेकणार नाही अशी पाण्यात सोडली. काटा दाखवतो तेवढे ग्रॅम पाणी अंगठीने बाजूला सारलेलं असतं. आर्किमिडीजच्या मुकुटाची गोष्ट शाळेत ऐकलेली, तिचंच हे घरगुती रूप. शुद्ध सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, १८ कॅरेटचं साधारण साडेपंधरा पट. म्हणजे काट्यावर ०.३४ च्या आसपास यायला हवं होतं. आलं ०.६१. भागाकार केला, साडेआठ. पितळ.

मी दोरा बदलला. ०.६१. मग वाटलं, अंगठीला बुडबुडा चिकटला असेल, म्हणून पाण्यात साबणाचा थेंब टाकला. ०.६०, म्हणजे ८.६७. सोन्याच्या दिशेने झाली ती प्रगती एवढीच. शेवटी भिंगाखाली कडा पाहिल्या. तिथला मुलामा झिजला होता आणि आतून किंचित हिरवट, फिकट पिवळा रंग डोकावत होता. पितळ उघडं पडणं हा शब्दप्रयोग आपण माणसांबद्दल इतका वापरतो की तो आधी धातूबद्दल होता हे विसरूनच जातो.

वजनाच्या परीक्षेलाही फसवता येतं हे सांगायला हवं. टंगस्टन कार्बाइडच्या अंगठ्या निघतात, वर सोनेरी थर दिलेल्या, आणि त्यांची घनता १५ च्या आसपास भरते. नेमकी १८ कॅरेटच्या वाटेवर. फक्त त्या इतक्या कठीण असतात की वापरून चरा पडत नाही, आणि सोन्यावर तर चरे पडतातच.

दगडांचे फोटोही लोक मला खूप पाठवतात. त्यात बहुतेक वेळा पायराइट असतं, लोह आणि गंधकाचं संयुग, किंवा अभ्रक. पायराइटवर माझं मशीन बहुधा गप्पच बसतं. तो दगड फिरवला की एकेक पैलू लखकन चमकतो आणि विझतो. सोनं सावलीतही तसंच पिवळं राहतं. फरशीच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासलं तर पायराइटची रेघ हिरवट काळी येते, सोन्याची पिवळी. हातोडीखाली पायराइटचा भुगा होतो, सोनं चपटं होतं. अभ्रकाला तर सुईचं टोकही पुरे, पापुद्रा सुटतो. एवढ्यावर ते प्रकरण मिटतं.

मला जास्त गंमत वाटते ती मुलाम्याच्या जुन्या बटणांची. एकोणिसाव्या शतकातल्या या पितळी चकत्या शेतातून निघतात तेव्हा पुढून हिरव्या पडलेल्या असतात, आणि उलटून पाहावं तर मागे, अक्षरांच्या खोबणीत, सोनं जसंच्या तसं. पाऱ्यात सोनं कालवून लेप द्यायचा आणि तापवून पारा उडवून लावायचा, असा तो मुलामा. त्यामुळे ते सोनं खरंच असतं. पण हाती लागेल इतकं नाही.

होकार ऐकायची हौस माणसाला कुठवर नेते याचा माझा लाडका दाखला मार्टिन फ्रॉबिशरचा. १५७६ मध्ये हा इंग्रज दर्यावर्दी आजच्या कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटाच्या भागातून एक काळा दगड घेऊन आला. आधीच्या पारख्यांनी सांगितलं, यात सोनं नाही. मग एकाने सांगितलं, आहे. ऐकलं गेलं त्याचंच. १५७८ मध्ये १५ जहाजं गेली आणि हजार टनांहून जास्त दगड घेऊन आली. तो वितळवायला लंडनजवळ डार्टफर्डला भट्ट्या उभारल्या. सोनं निघालं नाही. दगड रस्त्यांच्या कामी आला. मी हसत नाही हो त्यांना. साबणाचा थेंब मीही टाकला होता.

उलटी चूकही होते, आणि माझ्या हातून झालेली मोठी चूक उलटीच आहे. पितळी अंगठीच्या आधी कधीतरी एका मैदानात एक बारीक, तांबूस, मळकट वळं मिळालं होतं. सोनं जमिनीतून लखलखीत निघतं हे मी कुठेकुठे वाचून पाठ केलेलं. हे लखलखत नव्हतं, तेव्हा तांब्या-पितळेच्या डब्यात टाकलं. वजन केलं नाही, भिंग लावलं नाही. ९ कॅरेटमध्ये सोनं ३७.५ टक्केच, बाकीचं बरंचसं तांबं, आणि ते तांबं जमिनीत काळवंडतं, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

दोनेक वर्षांनी डबा रिकामा करताना ते वळं हाताला लागलं. सहज कोमट पाण्यात धुतलं. ३.१० ग्रॅम. पाण्यात ०.२८. अकराच्या थोडं वर. शिसं एवढंच जड असतं, पण तांबूस शिसं कुणी पाहिलंय? भिंग आणलं. आतल्या बाजूला, मळाखाली, ३७५.

तेव्हा हो, सापडलं. जमिनीत नव्हे, माझ्याच भंगारात. त्या संध्याकाळी डब्यातले उरलेले सगळे तुकडे एकेक करून पाण्यात सोडले, रात्री उशिरापर्यंत. सगळे साडेआठच्या आसपास.