ईएल८४ पुश-पुल, नोंद तिसरी: तापलेला ट्रान्सफॉर्मर आणि नव्याने मांडलेला हिशेब

मी व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचा अँप्लिफायर बांधतोय. मागच्या नोंदीत "पॉवर सप्लाय झाला एकदाचा" असं लिहून मी मोकळा झालो होतो. तो झालाच नव्हता. तासभर गाणी ऐकून सहज मेन्स ट्रान्सफॉर्मरवर (घरच्या विजेचं, म्हणजे मेन्सचं, व्होल्टेज बदलून देणारा) हात ठेवला आणि तसाच झटकन उचलला. जळका वास नाही, फ्यूज शाबूत, आवाजही झकास. पण हात टेकवत नव्हता.

मांडणी थोडक्यात परत सांगतो. स्टीरिओ, प्रत्येक बाजूला दोन ईएल८४ हे पॉवर व्हॉल्व्ह पुश-पुल (एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो), त्यांच्या आधी एक ईसीसी८३ हा जोड व्हॉल्व्ह: अर्धा गेनसाठी (सिग्नल मोठा करायला), अर्धा फेज स्प्लिटर (सिग्नलच्या एकमेकींच्या उलट अशा दोन प्रती करणारा). ट्रान्सफॉर्मर आधीच पेटीत पडलेला होता, लेबलवर "२४० व्होल्ट, २०० मिलिअँप". मी ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) लावला, पुढे ते सपाट करणारा कपॅसिटर. अँप्लिफायर शांत असताना एचटीचा (व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजचा) करंट मोजला तर १६४ मिलिअँप. २०० मधून १६४ गेले, ३६ उरले, असा माझा भाबडा हिशेब.

"हात भाजला" हे काही माप नव्हे, म्हणून तांब्यालाच विचारलं. थंड असताना, २८ अंशांना, प्रायमरीचा (मेन्सकडच्या वाइंडिंगचा, म्हणजे तारेच्या वेढ्यांचा) रेझिस्टन्स १२.० ओहम होता. तासाभराने प्लग काढून लगेच मोजला, तर १४.९. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर ठरलेल्या प्रमाणात वाढतो. दोन्ही आकड्यांच्या गुणोत्तराला (२३४.५ + थंड तापमान) याने गुणायचं आणि २३४.५ वजा करायचे. उत्तर आलं ९१ अंश. हे झालं सरासरी. वाइंडिंगच्या पोटात आणखी दहाएक अंश जास्त धरावेत. साध्या ए वर्गाच्या इन्सुलेशनची मर्यादा १०५ अंश. म्हणजे आम्ही अगदी उंबरठ्यावर उभे.

चूक कुठे झाली? लेबलवरचे २०० मिलिअँप हे एसीचे असतात. रेक्टिफायरच्या लगेच पुढे कपॅसिटर असला की ट्रान्सफॉर्मर सलग करंट देत नाही. लाटेच्या माथ्यावर क्षणभर मोठा घोट देतो आणि उरलेला वेळ स्वस्थ बसतो. वाइंडिंग तापतं ते या घोटांच्या आरएमएसवर (उष्णतेच्या हिशेबाने काढलेल्या सरासरीवर). ब्रिज आणि कपॅसिटर असेल तर डीसी करंट साधारण एसी रेटिंगच्या ०.६२ पट धरावा. उलटीकडून पाहिलं तर १६४ मिलिअँप डीसीसाठी वाइंडिंगमधून २६५ मिलिअँप जात होते. तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेदोन पट. लेबल खरंच बोलत होतं, मी ते दुसऱ्या भाषेत वाचत होतो.

मग हिशेब उलट्या टोकाने, व्हॉल्व्हपासून सुरू केला. ३०० व्होल्टला ईएल८४ ची जोडी शांत असताना अॅनोडचे ७२ आणि स्क्रीनचे ८ मिलिअँप घेते (अॅनोड, स्क्रीन आणि पुढे येणारे कॅथोड, ग्रिड हे व्हॉल्व्हच्या आतले भाग). पूर्ण आवाजाला हेच ९२ आणि २२ होतात. दोन्ही बाजूंचे मिळून १६० ते २२८, शिवाय ईसीसी८३ ची चिल्लर. संगीतात पूर्ण आवाज क्षणभरच येतो, म्हणून तापमानाचा विचार १६४ वर आणि व्होल्टेज किती ढासळतं ते २२८ वर, असं मी ठरवलं.

एचटी ३१० हवा होता: ३०० व्हॉल्व्हवर आणि दहा-अकरा कॅथोड रेझिस्टरवर. चोकमध्ये (डीसीवर उरलेली लहर अडवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात) दहा जातात, म्हणजे पहिल्या कपॅसिटरवर ३२०. यासाठी २५०-०-२५०, सेंटर टॅपवाली (वाइंडिंगच्या मधोमध तार काढलेली) मांडणी निवडली. तिचे दोन अर्धे आळीपाळीने काम करतात, त्यामुळे तिथे डीसी आणि एसी रेटिंगचा आकडा जवळपास सारखाच धरता येतो. रेटिंग २५० मिलिअँप मागितलं. बदल्यात डायोडवर उलटा ताण दुप्पट येतो: २५० चा माथा ३५३, त्याच्या दुप्पट ७०७, आणि मेन्स चढली की आणखी वर. १एन४००७ ची मर्यादा १००० आहे, तरी मी प्रत्येक बाजूला दोन-दोन सिरीजमध्ये लावले.

हो, डायोड. व्हॉल्व्हच्या यंत्रात सिलिकॉन म्हणजे सोवळ्यात ओवळं, असं मानणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं. डायोडऐवजी रेक्टिफायर व्हॉल्व्ह घ्यायचा तर ईझेड८१ दीडशे मिलिअँपवर थांबतो, म्हणजे तो बादच. जीझेड३४ अडीचशे देतो, पण त्याचा कॅथोड आतून हीटरलाच (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेलाच) जोडलेला असल्यामुळे ५ व्होल्ट १.९ अँपचं वेगळं वाइंडिंग लागतं. पहिला कपॅसिटरही ६० मायक्रोफॅरॅडच्या वर नेता येत नाही. एवढं करून मिळतं काय, तर एचटीचं संथ चढणं. गिटार अँपमध्ये एचटी जरा लवतो तेही लोकांना हवं असतं, मला इथे ते नको आहे. मात्र सिलिकॉनमुळे थंड व्हॉल्व्हवर पूर्ण व्होल्टेज येतं, आणि फेज स्प्लिटरचा ग्रिड आधीच्या अॅनोडला थेट जोडलेला असेल तर तिथे ठिणगी पडण्याची भीती असते. ग्रिड आणि कॅथोडच्या मध्ये छोटा निऑन बल्ब टाकला की ती मिटते.

ट्रान्सफॉर्मर नवीन गुंडाळून घेतला. १५० व्हीए (क्षमता, व्होल्ट गुणिले अँप), कोअरच्या, म्हणजे लोखंडी गाभ्याच्या, मधल्या पायाचा छेद १४ चौरस सेंटिमीटर. वेढे काढायला ४५ भागिले छेद हे जुनं सूत्र वापरलं, म्हणजे व्होल्टला ३.२ वेढे, प्रायमरी ७३६. ५० हर्ट्झला या सूत्रातून फ्लक्स (गाभ्यातल्या चुंबकत्वाची घनता) सुमारे १ टेस्ला निघतो. बाजारू ट्रान्सफॉर्मर १.२ ते १.४ वर चालतात आणि मग गुणगुणतात. तांबं जास्त गेलं तरी मला शांतता हवी होती. कुणाला ६० हर्ट्झचा जुना ट्रान्सफॉर्मर मिळाला असेल तर लक्षात ठेवा: त्याच व्होल्टेजवर ५० हर्ट्झला फ्लक्स वीस टक्क्यांनी वाढतो. प्रायमरी आणि सेकंडरी (बाहेर वीज देणारं वाइंडिंग) यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याचं शील्डही सांगितलं होतं. त्याची टोकं एकमेकांवर यावीत पण एकमेकांना टेकू नयेत, हे तीनदा सांगितलं. टेकली की तो शॉर्ट झालेला एक वेढा होतो.

पहिल्यांदा वीज दिली ती ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घालून, व्हॉल्व्ह न बसवता. बल्ब क्षणभर उजळला आणि विझला. मग थेट मेन्सवर: एचटी ३७५. लोड नसताना हा आकडा एवढाच येणार, म्हणून कपॅसिटर ५०० व्होल्टचे घेतले होते. ४५० चे चाललेही असते, पण मेन्स दहा टक्के चढली की ४१२ होतात, आणि इतक्या काठावर मला झोप लागत नाही. व्हॉल्व्ह बसवल्यावर पहिल्या कपॅसिटरवर ३२२ मिळाले. खूश!

हीटरने मात्र पाणी फिरवलं. चार ईएल८४ चे ०.७६ प्रमाणे ३.०४ अँप आणि दोन ईसीसी८३ चे ०.६, एकूण ३.६४. वाइंडिंग ५ अँपचं. सॉकेटवर ६.९ व्होल्ट आले, म्हणजे साडेनऊ टक्के जास्त. कारण शोधलं तर गंमतच: व्होल्टला ३.२ वेढे असतील तर एका वेढ्याचे ०.३१ व्होल्ट होतात. लोडखालची घट धरून साडेएकवीस वेढे हवे होते, अर्धा वेढा घालता येत नाही, म्हणून बावीस घातले. त्यात इथली मेन्स २४० ची आणि लोडही हलका. दोन्ही तारांमध्ये ०.१ ओहम, ५ वॅटचा एकेक रेझिस्टर टाकला आणि ६.२ वर आणलं. प्रत्येकात सव्वा वॅटच्या वर उष्णता निघते, त्यामुळे ते कपॅसिटरपासून लांब ठेवलेत.

फिल्टर म्हणजे ४७ मायक्रोफॅरॅड, ५ हेन्रीचा ६० ओहमचा चोक, मग १०० मायक्रोफॅरॅड. चोक कशाला, रेझिस्टर चालत नाही का, असं दोघांनी विचारलं होतं. १०० हर्ट्झला ५ हेन्री म्हणजे ३१४० ओहम आणि १०० मायक्रोफॅरॅड म्हणजे १६ ओहम. रिपल (डीसीवर उरलेली लहर) जवळपास दोनशे पट कमी होतो आणि डीसी फक्त दहा व्होल्ट जातं. त्या जागी १०० ओहमचा रेझिस्टर टाकला तर सोळा व्होल्ट गमावून रिपल जेमतेम सहा पट उतरतो. माझ्याकडे पहिल्या कपॅसिटरवर ९ व्होल्ट रिपल आहे, चोकनंतर ४५ मिलिव्होल्ट. शेवटी २२० किलोओहमचा ब्लीडर (कपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर), कारण व्हॉल्व्ह काढलेले असताना एचटी कुठेच जात नाही. ब्लीडर असूनही पन्नास व्होल्टच्या खाली यायला मिनिटाच्या वर लागतं. आत हात घालण्याआधी मीटर लावा.

आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा. जुन्या यंत्रातून काढलेली एक जोडी होती, माहिती शून्य. ८ ओहमच्या बाजूला १ व्होल्ट एसी दिला, प्रायमरीवर २८.४ आले. वर्ग करून आठाने गुणलं की ६.४५ किलोओहम. ईएल८४ ला ८ किलोओहम सांगतात, पण हेही चालतं. हीटरचे ६.३ व्होल्ट देऊन हा प्रयोग करू नका, पलीकडे १७९ व्होल्ट उभे राहतील. "साधा २३० चा मेन्स ट्रान्सफॉर्मर आउटपुटला चालेल का?" या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देतो. ८ किलोओहममध्ये १२ वॅट म्हणजे ३१० व्होल्ट. ५० हर्ट्झला २३० वर बेतलेला कोअर ३१० व्होल्ट ६७ हर्ट्झच्या वरच झेलू शकतो. त्याखाली मोठ्या आवाजात तबल्याचा बायाँ चिरकेल. आणि सिंगल-एंडेडसाठी (जोडी नसलेल्या, पुश-पुल नव्हे अशा मांडणीसाठी) तर एअर गॅप (गाभ्यातली फट) नसलेला कोअर विसराच.

दोन्ही आउटपुट ट्रान्सफॉर्मरची जागा ठरवायला हेडफोनची जुनी युक्ती वापरली. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन जोडायचा, फक्त मेन्स ट्रान्सफॉर्मर चालू ठेवायचा, बाकी सगळं बंद, आणि हाताने फिरवत ऐकायचं. डावा काटकोनात आला आणि घरघर जवळपास नाहीशी झाली. उजव्याला चेसिसमध्ये जागाच नाही, तो तिरका बसलाय.

तरी स्पीकरवर १०० हर्ट्झची चरचर होती. ती अर्थिंगची निघाली: सेंटर टॅपची तार मी चेसिसला जोडली होती, त्यामुळे ते चार्जिंगचे घोट पत्र्यातून इनपुटच्या शेजारून वाहत होते. तार सरळ पहिल्या कपॅसिटरच्या निगेटिव्हला नेली आणि चेसिसला एकच जोड इनपुटपाशी ठेवला. ८ ओहमवर ही चरचर आधी ३.१ मिलिव्होल्ट होती, आता डावीकडे ०.८ आणि उजवीकडे १.९. प्रायमरीचं तापमान त्याच पद्धतीने काढलं, तासाभराने ५८ अंश.

उजव्याचे १.९ हे त्या तिरक्या ट्रान्सफॉर्मरचेच असावेत असा संशय आहे. पुढच्या रविवारी चेसिसला नवीन भोकं पाडून तो सरळ करतो. नाहीच उतरले, तर उजव्या बाजूच्या हीटरच्या तारा उसवून परत पिळाव्या लागतील.