सोफ्यावरची पिठी

गावाहून पंधरा दिवसांनी परत आले, कुलूप काढलं, आणि वाटलं, सोफ्यावर कुणी तांदळाची पिठी चाळून ठेवलीय की काय. काळ्या चामड्यावर पांढरी, मऊसूत, मोदकांना घ्यावी इतकी बारीक. बोट फिरवलं तर रेघ उमटली. बोट नाकाशी नेलं, तेव्हा कुठे उजेड पडला. ऑगस्टातलं बंद घर, डोंबिवलीची हवा आणि खऱ्या चामड्याचा तीन माणसांचा सोफा. बुरशीला आणखी काय हवं!

सोफा मुलाचा. परदेशी जाताना "राहू दे तुमच्याकडे" म्हणून ठेवून गेला आणि जाताना पथ्यं सांगून गेला. ऊन नको, पाणी नको, साबण नको, तेल नको. ज्या चार गोष्टींच्या जिवावर मी सत्तर वर्षं घर घासूनपुसून काढलं, त्या चारही वर्ज्य. मांजर सांभाळायला दिलं असतं तर परवडलं असतं.

अर्थात मी ऐकलं नाहीच. पहिल्याच दिवाळीला भांड्यांच्या साबणाचा फेस करून सोफा धुतला. चामडं जरासं आंबट स्वभावाचं, साबण नेमका उलट. दोघांचं पटत नाही आणि त्यात चामडं कोरडं पडतं. पडलंच. मग उपाय म्हणून खोबरेल चोळलं. कोल्हापुरी चपलांना नाही का आपण तेल लावत? पण चप्पल वेगळी. ती बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेली, अंगावर काही न ल्यायलेली. तेल पिऊन घेते. सोफ्याच्या कातड्यावर रंगाचा थर असतो, तेल वरच बसून राहतं. आठ दिवसांत गावाची धूळ त्यावर जमली आणि माझ्या मोतिया रंगाच्या साडीवर पाठीमागे एक भला मोठा डाग. तो मला लग्नाच्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणीतरी दाखवला. कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकून बघायचा असतो, हे नंतर कळलं. जिरला तर कातडं उघडं, मणी होऊन राहिला तर वर थर आहे. एवढी सोपी परीक्षा, पण आधी कोण घेतो?

आमच्या ह्यांच्या डोक्याचं तेल हा वेगळाच विषय. सोफ्याच्या पाठीवर बरोबर एका जागी काळसर, चकचकीत गोल उमटलाय. टीव्ही बघताना मान तिथेच टेकते, रोज, चाळीस वर्षांच्या सवयीनं. ह्या दुखण्याला विलायतेत औषध होतं म्हणे. एकोणिसाव्या शतकात तिथले पुरुष मॅकासर नावाचं तेल डोक्याला चोपडायचे, म्हणून बायका खुर्च्यांच्या पाठींवर कापड घालायच्या. त्या कापडाचं नावच अँटिमॅकासर. म्हणजे आईनं क्रोशानं विणलेले ते अननसाच्या नक्षीचे रुमाल, जे खुर्चीवर, रेडिओवर आणि नंतर टीव्हीवरही चढले, ते मूळचे कुणाच्या तरी तेलकट नवऱ्यासाठी होते. आईला हे कळलं असतं तर तिनं रेडिओवर घातला असता का, देव जाणे.

मी मात्र रुमालावर थांबले नाही, पूर्ण चादरच घातली. सोलापुरी. आता पाहुणे विचारतात, "लेदरचा ना?" मग मी चादरीचं टोक उचलून दाखवते, ते "वा" म्हणतात, मी टोक सोडते. जो बसायला म्हणून घेतला त्याला नुसतं झाकून ठेवायचं, हे मुलाला विचित्र वाटतं. मला नाही वाटत. आमच्याकडे चांगल्या कपबशांचंही हेच असतं.

तर पिठी. ह्या वेळी शहाणपणानं वागले. खिडक्या उघडल्या, तोंडाला पदर बांधला, कोरड्या मलमलीनं पुसलं आणि दर चार हातांनी फडकं गॅलरीत जाऊन झटकलं, नाहीतर इथली बुरशी तिथे. शिवणींमध्ये जुना दात घासायचा ब्रश. मग कोमट पाण्यातून घट्ट पिळलेलं फडकं एकदाच, लगेच कोरडं, आणि पंखा पाचवर. मुलानं पाठवलेलं चामड्याचं मलम दुसऱ्या दिवशी, पूर्ण सुकल्यावर. तोवर समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी सोफ्याकडे बघत राहिले.

आणि मग तो वास आला. ओल्या कातड्याचा.

हा वास मला सोफ्याचा म्हणून ओळखीचा नाही. तो मोटेचा आहे, विहिरीतून पाणी उपसायच्या कातडी पखालीचा. मी सात-आठ वर्षांची असेन, साताऱ्याकडच्या आमच्या मळ्यात तेव्हा अजून मोट चालायची. बैल धावेच्या उतारावरून खाली उतरायचे, नाडा ताणला जायचा, चाक करकरायचं, आणि विहिरीतून ते काळं, फुगलेलं, ठिबकणारं धूड वर यायचं. मोटेच्या सोंडेला बांधलेला सोल, म्हणजे बारीक दोर, ढिला झाला की सोंडेतून पाणी धबाधबा थारोळ्यात, विहिरीच्या काठच्या हौदात. त्याच्या शिंतोड्यांना असाच वास असायचा. तिला पाण्याचं पथ्य नव्हतं. उलट पाण्याबाहेर राहिली की ती ताठरायची.

आजी कडक सोवळ्याची. चामड्याचा पट्टा घालून आजोबासुद्धा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ शकत नसत. पण देवाची घागर भरायची थारोळ्यातून. मी एकदा विचारलंच, "आजी, मोट कातड्याची ना गं?" ती म्हणाली, "पाण्याला विटाळ नसतो." मला ते पटलं होतं. त्या वयात आजीचं सगळंच पटायचं.

मोट फाटली की ती शिवायला एक म्हातारा यायचा. खळ्यावर धान्य न्यायलाही तोच यायचा. आंब्याखाली पोतं अंथरून बसायचा. शेजारी रापी, आरी, तेलाची वाटी. आरीनं भोक पाडायचा, त्यातून चामड्याची वादी ओवायचा आणि तिचं टोक दातांत धरून मान मागे झटकून घट्ट ओढायचा. प्रत्येक टाक्याला. वादी ओली राहावी म्हणून मधूनच तोंडात धरायचा. मी त्याच्यासमोर उकिडवी बसून टाके मोजायचे. तो हसायचा, बोलायचा नाही.

एका दुपारी शिवून झालं, तेल चोळून झालं, मोट विहिरीत सोडली, वर आली, कुठे गळत नव्हती. सोंडेतून पहिलं पाणी थारोळ्यात पडलं. तो चार पावलं लांब, पाटाच्या पलीकडे उभा राहिला आणि प्यायला पाणी मागितलं. आजीनं थारोळ्यातून तांब्या भरला. त्यानं खाली बसून ओंजळ तोंडाशी धरली, आणि तिनं हात उंच करून वरून धार धरली, तांब्या कुठे लागू नये अशी. पाणी त्याच्या कोपरांवरून ओघळत होतं.

मग तिनं तोच तांब्या विसळून पुन्हा भरला आणि देवघरात नेला.