पान फाडू का?

आज चौथीच्या वर्गात मटकीच्या रोपांच्या निरीक्षणवह्या पाहत असताना एका मुलीने हळूच विचारले, "बाई, माझा अंदाज चुकला. हे पान फाडू का?"

पानावर तिने आधी लिहिले होते, 'अंधारातली रोपे वाढणार नाहीत.' खाली पाचव्या दिवसाचे चित्र होते. कपाटात ठेवलेल्या वाटीतील रोपे उजेडातल्या रोपांपेक्षा उंच, पण बारीक आणि पिवळट. शेजारी पट्टीने मोजलेली उंची, आणि कडेला, कोणीही सांगितलेले नसताना, 'पाने हिरवी का नाहीत?' असा प्रश्न. उजेडाशिवाय पानांत हरितद्रव्य तयार होत नाही, हे मी तिला पुढे सांगेनच; परंतु तो प्रश्न तिचा स्वतःचा आहे, आणि माझ्या दृष्टीने त्या पानाचे सारे मोल त्यातच आहे.

मग ते फाडावेसे का वाटले? फळ्यावरचे उत्तर सर्वांनी एकसारखे उतरवायचे आणि लाल शाईची बरोबरची खूण मिळवायची, हीच वहीची ओळख आपण मुलांना पहिलीपासून करून देतो. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहावी ते आठवीची मुले स्वतः प्रयोग करून निरीक्षणे वहीत नोंदवीत, आणि परीक्षेतही त्यांना पुस्तक-वही उघडून पाहण्याची मुभा असे. आपल्या प्राथमिक वर्गांत निदान एक वही अशी का असू नये, जिच्यात चुकलेला अंदाजही निर्धास्तपणे राहू शकेल?