हर्क्युलिसची पाठ

आमच्या नानांनी चाळीस वर्षं अमळनेरात भांड्यांवर नावं टाकली. मांडीत घागर, हातात छिन्नी आणि टक-टक-टक करत 'मामांकडून सप्रेम भेट'. डाव्या अंगठ्याचं पेर हातोडी खाऊन खाऊन वाकडं झालंय.

परवा जळगावहून येताना त्यांच्यासाठी एका चित्राची मोठी प्रिंट काढून आणली. हेंड्रिक गोल्टझियस हा हार्लेमचा डच माणूस तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायचा. त्यातलंच हे एक. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाशी धरला.

"हाऊ कोन शे? मारुती?"

"नाही नाना, हर्क्युलिस. ग्रीकांचा."

"तरीच शेपूट नही."

सोटा मात्र आहे. त्यावर सिंहाचं कातडं टाकून गडी रेलून उभा आहे, आणि आपल्याला दिसते ती फक्त पाठ. हे चित्र ज्या पुतळ्यावरून काढलं तो १५४६ साली रोममध्ये काराकाल्ला या रोमन सम्राटाच्या स्नानगृहांत सापडला, आता नेपल्सला आहे. समोरून बघाल तर मान खाली घातलेला, दमलेला पैलवान. एवढा दमला कशानं, ते त्याच्या पाठीमागे घेतलेल्या हातात आहे : हेस्पेरिदेस नावाच्या अप्सरांच्या बागेतून मिळवलेली सोन्याची सफरचंदं. गोल्टझियस १५९१ साली रोममध्ये होता, तिथे त्यानं पुतळ्याला वळसा घालून नेमकी ही बाजू धरली. (आपण मारुतीला प्रदक्षिणा घालतो, पण मूर्तीची पाठ कधी बघतो का?) खाली कोपऱ्यात दोन माणसं माना वर करून उभी आहेत. त्यांना चेहरा दिसतोय, फळं नाहीत. आपलं उलटं.

नानांना या पुराणात रस नव्हता. त्यांचं बोट एका रेघेवर थांबलं.

"ही रेघ मधमा फुगेल शे. छिन्नीनी नही ही."

बरोबर ओळखलं. तिथे ठोकत नाहीत. टोकदार कोरणीची मूठ तळहातात धरून पुढे ढकलतात. खोल गेली की रेघ जाड, वर आली की बारीक. वळण घ्यायचं तर पत्राच फिरवतात. लहानपणी भाजल्यामुळे गोल्टझियसच्या उजव्या हाताची बोटं नीट उघडत नसत, हेही सांगितलं. नाना काही बोलले नाहीत, बराच वेळ पाठीवरच्या रेघा बघत बसले.

मग त्यांनी कागद उलटा केला. तोंड बघायचं होतं म्हणे.