एक नाव, दोन फायरवॉल

त्या शनिवारी पहाटे डेटाबेसचा सर्व्हर डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती 9 वरून 10 वर नेला. अपग्रेड सुरळीत झालं, मशीन रीस्टार्ट केलं, आणि अ‍ॅप्लिकेशनला 5432 पोर्टवर कनेक्शन मिळेना. पोस्टग्रेस, म्हणजे आमचा डेटाबेस, चालू होतं, त्याच मशीनवरून लॉगिनही होत होतं. बाहेरून मात्र टाइमआउट. म्हणजे वाटेत कुणीतरी डेटाची पॅकेट मुकाट्याने टाकून देत होतं.

आमच्या तपासणीच्या स्क्रिप्टने फायरवॉलचे रूल दाखवले. 5432 ला परवानगी होती. ज्युनियरने यादी तीनदा वाचली. "सर, यात अडवणारं काहीच नाही." आणि त्याचं बरोबर होतं.

शेवटी स्क्रिप्ट बाजूला ठेवून 'आयपीटेबल्स -एल' ही लिनक्सच्या फायरवॉलचे रूल दाखवणारी कमांड हाताने टाइप केली. तेच रूल आले, पण सोबत एक जास्तीची ओळ होती: लेगसी टेबल्सही आहेत, ती बघायला 'आयपीटेबल्स-लेगसी' वापरा. आमची स्क्रिप्ट एरर आउटपुट 'डेव्ह-नल'मध्ये, म्हणजे थेट कचऱ्यात, पाठवायची. ही ओळ रोज तिथेच गेली असती.

2018 मध्ये आयपीटेबल्सच्या 1.8.0 आवृत्तीत जुन्या कमांडच्या नावाला '-लेगसी' लागलं, आणि एनएफ_टेबल्स या नव्या यंत्रणेत रूल ठेवणाऱ्या नवीला '-एनएफटी'. नुसतं 'आयपीटेबल्स' हे नाव यांपैकी एकीकडे बोट दाखवणारी लिंक उरलं, आणि डेबियन 10 ने ते बोट एनएफटीकडे वळवलं. वर्षानुवर्षांच्या स्क्रिप्ट चालू राहाव्यात म्हणून हे करावंच लागलं असणार, ते मला पटतं. 'लेगसी' हा शब्द मात्र पटत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं ते निवृत्त झालं. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, दोन्ही एकाच वेळी जागे असू शकतात, आणि एकीकडची परवानगी दुसरीकडच्या ड्रॉपपासून, म्हणजे पॅकेट टाकून देणाऱ्या रूलपासून, पॅकेटला वाचवत नाही.

आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. त्याच सर्व्हरच्या नेटवर्कवर एक कंटेनर, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या डब्यात चालणारा प्रोग्राम, होता. त्याची इमेज, म्हणजे तो ज्यावरून बनतो तो साचा, अजून डेबियन 9 ची होती, आत आयपीटेबल्स 1.6, म्हणजे लेगसीच. तो 5432 साठी शेवटी एक ड्रॉप जोडायचा. आधी आमची परवानगी त्याच टेबलात त्याच्या वर असायची. अपग्रेडनंतर ती एनएफटीत गेली आणि लेगसीत ड्रॉप एकटा उरला.

लेगसी कमांडने तो रूल काढला, त्याच क्षणी कनेक्शन लागलं. इमेज डेबियन 10 वर नव्याने बांधली. स्क्रिप्टमधलं 'डेव्ह-नल' खोडलं, आणि पहिल्याच ओळीत 'आयपीटेबल्स -व्ही' घातलं. आवृत्तीशेजारच्या कंसात आता आधी दिसतं: एनएफ_टेबल्स की लेगसी.