धम गाळलेला पोल्का

'एडवर्ड सेकंड' हा इंग्लंडचा बँड. ऐंशीच्या दशकात सुरू झाला तेव्हा नाव आणखी लांबलचक होतं: 'एडवर्ड द सेकंड अँड द रेड हॉट पोल्काज'. दुसऱ्या एडवर्ड राजाला लालबुंद तापलेल्या पोकरने, म्हणजे शेगडीतल्या सळईने मारलं, अशी तिकडे एक भीषण दंतकथा आहे. यांनी पोकरचा पोल्का, म्हणजे युरोपातला एक उडता नाच, केला. राजाच्या मरणावरही कोटी करायची आणि वर त्यावर नाचायचं, हे इंग्रजांनाच जमतं.

गावच्या नाचाच्या सुरावटी आणि खाली जमैकन बास-ड्रम, एवढाच मामला. 'फ्युजन' म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. (सतारीच्या गळ्यात सिंथेसायझर बांधून लोकांनी या शब्दाची पार रया घालवली आहे.) इथे मात्र सांधा दिसत नाही. त्याचं श्रेय मी मेलोडिअनला देतो. मेलोडिअन म्हणजे बटणांचं छोटं अकॉर्डिअन. आपल्या पेटीचा भाता कसाही हलवा, काळी एक ती काळी एकच. इथे तेच बटण भाता दाबताना एक सूर देतं, ओढताना दुसरा. त्यामुळे हात सारखा हिसके देतो आणि ते हिसके चालीत उतरतात. डाव्या हाताला आधी खर्ज, मग कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर. धम-चिक, धम-चिक. पोल्का तो हाच.

आता यातला धम गाळा आणि उरलेला चिक गिटारवर घ्या. रेगेच्या, म्हणजे त्या जमैकन संगीताच्या, दारात आलातच! रेगेत 'वन ड्रॉप' नावाचा ठेका असतो. ड्रमर पहिली मात्रा मोकळी सोडतो आणि वजन तिसरीवर टाकतो. समेला मान डोलावणाऱ्यांची सुरुवातीला फजितीच. मान खाली येते, तर तिथे कुणीच नाही.

बरं, ही सोयरीक काही आजची नाही. मळेवाल्यांबरोबर युरोपचा क्वाड्रिल नाच जमैकात गेला, तिथल्या गुलामांनी तो उचलला आणि आपल्या अंगाने फिरवला. मेंटो, म्हणजे जमैकाचं जुनं लोकसंगीत, वाजवणारे क्वाड्रिलही वाजवत. त्या मेंटोचं रक्त पुढे स्का नावाच्या जमैकन संगीतात आणि स्काचं रेगेत आलं. 1948 मध्ये जमैकाहून आलेली 'एम्पायर विंडरश' बोट लंडनजवळच्या टिलबरीला लागली, आणि पुढची कित्येक वर्षं कॅरिबियन माणसं इंग्लंडात येत राहिली. त्यांच्यामागोमाग गाणीही आली. बँडच्या 1987 च्या रेकॉर्डचं नाव 'लेट्स पोल्कास्टेडी' आहे: पोल्का आणि 'रॉकस्टेडी', म्हणजे स्का आणि रेगे यांच्या मधलं जमैकन संगीत, यांची कोटी.

2015 मध्ये बँडने 'मँचेस्टर्स इम्प्रूव्हिंग डेली' ही रेकॉर्ड काढली. कापडगिरण्यांच्या काळात त्या शहराच्या रस्त्यांवर एकपानी छापील गाणी विकली जात, तीच इथे रेगेच्या चालीवर घेतली आहेत. कल्पना झकास, पण शब्द फार. मला विचाराल तर नाचाच्या सुरावटींपासून सुरुवात करा, आणि तीही बऱ्या स्पीकरवर. मोबाइलवर बास बेपत्ता होतो आणि निम्मा बँड घरी गेल्यासारखा वाटतो.