मनुकाऊचा महापौर कुठे भेटेल?

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या दक्षिणेला मनुकाऊ नावाचं स्वतंत्र शहर होतं. 1965 साली स्थापन झालेलं हे शहर 31 ऑक्टोबर 2010च्या रात्री कागदावरून संपलं. दुसऱ्या दिवशी आठ परिषदा मिळून ऑकलंड कौन्सिल सुरू झाली. 45 वर्षांत मनुकाऊला महापौर झाले फक्त चार. त्यांतले सर बॅरी कर्टिस एकटेच 24 वर्षं खुर्चीवर होते.

आपल्याकडे नगरसेवक आपल्यातून महापौर निवडतात आणि कारभार आयुक्त बघतात. तिथे महापौराला मतदार थेट निवडून देतात. त्यामुळे गाऱ्हाणं असलं की लोक त्याचंच नाव घेतात. हे मला नीट उमगलं ते 2013मध्ये, कौन्सिलच्या मनुकाऊतल्या मदत-काउंटरवर काम करताना.

खांद्यावर टॉवेल टाकलेले सामोआचे एक आजोबा आले. गुडघा धरलेला. मला म्हणाले, "मनुकाऊच्या महापौरांना भेटायचंय." हातात प्लास्टिकच्या पाकिटात जपलेला फोटो होता: नागरिकत्वाच्या समारंभात महापौर त्यांच्या हातात प्रमाणपत्र देतायत. गळ्यातली महापौरपदाची साखळी फोटोत लख्ख दिसत होती.

प्रश्न तलावाचा होता. मनुकाऊत पोहण्याचे तलाव सगळ्यांना फुकट असायचे. खर्च घरपट्टीतून निघायचा. आता साऱ्या ऑकलंडला एकच नियम लागणार होता: 16 वर्षांपर्यंतच्यांना फुकट, मोठ्यांना तिकीट. शहराच्या इतर भागांतल्या मुलांचा यात फायदाच होता, तो मी नाकारत नाही. पण डॉक्टरांनी या आजोबांना रोज पाण्यात चालायला सांगितलं होतं आणि घर पेन्शनवर चालत होतं.

महापौर आता एकच, सगळ्या शहराचे, हे मी त्यांना सांगितलं. ते होते लेन ब्राउन, म्हणजे मनुकाऊचेच शेवटचे महापौर! ऑकलंड सिटीचे महापौर जॉन बँक्स यांना हरवून ते निवडून आले होते. आजोबांचा चेहरा खुलला. "मग आपलाच माणूस आहे की." माणूस आपला होता, पण आता त्यांच्यासमोर 20 नगरसेवकांचं सभागृह आणि जवळजवळ 14 लाख लोकांचं शहर होतं.

मी त्यांना लोकल बोर्डाचा रस्ता दाखवला. शहरात अशी 21 बोर्डं आहेत. साधारण आपल्या प्रभाग समितीसारखी, पण सदस्य थेट निवडून आलेले. महापौर नाही, साखळी नाही; सदस्य आपल्यातून अध्यक्ष निवडतात. सभेत नागरिकांना बोलायला वेळ मिळतो. त्यांचं नाव नोंदवायला मीच फोन केला. काउंटरवर रांग वाढत होती, तरी त्यांना काय बोलायचं ते मी लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला, एक ओळ खोडली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: "हा तलाव आम्ही घरपट्टी भरून चालवला आहे."

पुढे ओतारा-पापाटोएटोए आणि मांगेरे-ओताहुहू या दोन बोर्डांनी मोठ्यांचा प्रवेशही फुकटच ठेवला. त्यासाठी आपल्या हद्दीतल्या घरांवर वेगळी पट्टी बसवली. आजोबांसारख्या अनेकांनी बोर्डासमोर आग्रह धरला होता, आणि गरीब वस्तीने स्वतःहून जादा पट्टी मान्य केली याचा मला आजही अभिमान वाटतो.

पण एक गोष्ट सलते. मनुकाऊ शहर असताना हॉविकसारख्या सुखवस्तू भागाची घरपट्टीही त्याच तिजोरीत यायची आणि ओताराचा तलाव त्यावर चालायचा. शहर मोठं झालं आणि या एका खर्चापुरतं तरी वाटेकऱ्यांचं वर्तुळ लहान झालं. घरपट्टीच्या बिलावर ती नवी ओळ आली तेव्हा ओतारातली माणसं बिल घेऊन काउंटरवर विचारायला यायची. ही पट्टी तुमच्याच बोर्डाने लावली आहे आणि ती तलावासाठी आहे, असं सांगितलं की बहुतेक जण तिथेच पैसे भरून जायचे.